कपाटाचे एक हजार तीनशे सत्त्याऐंशी फोटो

कपाटाच्या उजव्या दारावर, जमिनीपासून एकशे चार सेंटिमीटर उंचीवर, एक पोचा आहे. लांबी अकरा सेंटिमीटर, खोली जास्तीत जास्त चार मिलिमीटर, आणि दोन्ही टोकं किंचित वर वळलेली. डावं जरा कमी, उजवं जरा जास्त. खिडकीतला उजेड बाजूने पडला की पोच्याच्या खालच्या कडेला बारीक सावली धरते, आणि कपाट कुणाची तरी फजिती आठवून गालातल्या गालात हसत असल्यासारखं दिसतं.

ही मापं सुनीतीने एकदा पट्टी लावून घेतली होती. गॅसच्या तक्रारीसाठी फोन लावला होता, पलीकडून "आपण रांगेत सातव्या आहात" असं सांगत होते आणि पट्टी हाताशी होती. एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला रिकामा वेळ आणि पट्टी एकदम मिळाली की ती काहीतरी मोजतेच.

कपाट लोखंडी, राखाडी, दोन दारांचं. ते तिचं नव्हतं. तिच्या नणंदेचं, मुक्ताताईंचं होतं. २००७ साली मुक्ताताईंची शनिवार पेठेतली इमारत पाडून नवी बांधायला काढली, तेव्हा त्या धाकट्या भावाला, म्हणजे सुनीतीच्या नवऱ्याला, म्हणाल्या होत्या, "गोपाळ, एवढं कपाट तुझ्याकडे ठेवते. चार महिने." आणि गोपाळकृष्ण म्हणाले होते, "अगं, ठेव की. विचारतेस काय?" पुढे मुक्ताताईंनी ती जागा विकली, विश्रांतवाडीला नवा फ्लॅट घेतला. तिथल्या भिंतींतच कपाटं होती. त्यामुळे हे इथेच राहिलं. त्या चार महिन्यांना आता अठरा वर्षं झाली होती. म्हणजे चार-चार महिन्यांच्या चौपन्न मुदती.

सहकारनगरातल्या सुनीतीच्या हॉलला उत्तरेकडे एकच खिडकी. तिच्या एकशेवीस सेंटिमीटर रुंदीपैकी एकेचाळीस सेंटिमीटर कपाटाने खाल्लेली. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, डोळ्यांवर येत नाही. मायक्रोस्कोपला असाच उजेड लागतो. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर सुनीतीने स्वतःसाठी एक मायक्रोस्कोप घेतला होता. गच्चीच्या कठड्यावर, नळाच्या तोटीखाली, कुंडीच्या पाठीमागे जे हिरवं उगवतं आणि लोक ब्रशने घासून टाकतात, ते सगळं तिला सावकाश बघायचं होतं. त्यासाठी खिडकीशी नव्वद सेंटिमीटरचं एक टेबल हवं होतं, रोज जेवणाच्या वेळी आवरावं न लागणारं. टेबलाची जागा ठरलेली होती. तिथे कपाट उभं होतं. मायक्रोस्कोप चार वर्षं दिवाणाखाली, आपल्या लाकडी पेटीत, वाट बघत होता.

करायचं काहीच नव्हतं; फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य सुनीतीने २००७च्या दिवाळीतच तयार केलं होतं: "वन्सं, कपाट घेऊन जा." चार शब्द. पण ते तोंडाशी आलं की उद्धट वाटायचं, म्हणून ती दर खेपेला त्याला थोडं मऊ करत गेली. आता ते असं झालं होतं: "वन्सं, तुम्हाला कधी वेळ आणि सोय असेल आणि श्रीनिवासलाही जमणार असेल तर कपाटाच्या बाबतीत पुढे काय करायचं ते एकदा आपण बोलून ठेवूया का?" तेवीस शब्द, त्यांत वन्संचा मुलगा श्रीनिवासही आला. यातून कुणाला काय कळलं असतं देव जाणे, पण ते बोलण्याचीही वेळ आली नव्हती.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण एका मंगळवारी सकाळी गोपाळकृष्णांचा फोटोंचा प्रोग्रॅम उघडेना.

"काल चालू होता," ते मॉनिटरकडे बघत म्हणाले. घरातलं कुणी न सांगता निघून जावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

गोपाळकृष्ण विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सत्तरीचे. गेल्या अठरा वर्षांतले एक्केचाळीस हजार फोटो त्यांनी त्या प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या पद्धतीने लावले होते. 'दिवाळी', 'दिवाळी २', 'दिवाळी नवीन', 'दिवाळी खरी' अशी फोल्डरं होती. जे कुठेच बसत नव्हते ते 'असू दे' नावाच्या फोल्डरात आणि ज्यांचं काय करायचं ते ठरत नव्हतं ते 'बघू' नावाच्या फोल्डरात. 'बघू'मध्ये नऊ हजार फोटो होते.

त्यांनी मुलीला फोन लावला. अपूर्वा हिंजवडीला नोकरीला होती आणि त्या वेळी कंपनीच्या बसमध्ये होती.

"बाबा, तो प्रोग्रॅम कंपनीने दहा वर्षांपूर्वी बंद केलाय," ती म्हणाली. "आत्तापर्यंत चालला हीच कमाल आहे."

"असं न सांगता कसं बंद करतात?"

"सांगितलं असणार. काही मेसेज नव्हता येत?"

"एक पाटी यायची खरी. रोज. मी 'नंतर आठवण करा' दाबायचो."

"किती दिवस?"

गोपाळकृष्णांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तू म्हणतेस तेवढीच वर्षं."

"ग्रेट. ऐका, मी वाकडला अडकलीय, पुढचा अर्धा तास मी काही कुठे जात नाही. नवीन सॉफ्टवेअर टाकून घेऊ. बाबा, तुम्ही उठा. आईला बसवा."

सुनीती जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी, कॉम्प्युटरसमोर बसली. फोन स्पीकरवर ठेवला.

"आई, नेक्स्ट दाब. परत नेक्स्ट. आता आय अ‍ॅग्री."

"वाचतेय."

"आई, ते कुणीही वाचत नाही."

"म्हणूनच त्यात काहीही लिहिता येतं."

तिने ते पूर्ण वाचलं. बस सिग्नल सुटून उड्डाणपुलाशी पुन्हा थांबली, तेव्हा ती 'मान्य आहे'पर्यंत पोचली होती. भाषा मराठी निवडली. मग एक्केचाळीस हजार दोनशे साठ फोटो आत यायला दोन दिवस लागले, आणि तेवढे दिवस गोपाळकृष्ण दर तासाने येऊन आकडा बघून जात होते.

नव्या प्रोग्रॅमची खुबी अशी होती की तो चेहरे ओळखायचा. सगळ्या फोटोंतले चेहरे वेगळे काढायचा, सारखे दिसणारे एकत्र ठेवायचा आणि जिथे शंका येईल तिथे दोन चेहरे शेजारी-शेजारी ठेवून विचारायचा: "या दोन्ही समान व्यक्ती आहेत काय?" खाली दोन बटणं, 'होय' आणि 'नाही'.

"मराठी सरकारी आहे," गोपाळकृष्ण म्हणाले, "पण अदबीने विचारतो."

त्यांना हा प्रकार फार आवडला. आयुष्यात कुणी त्यांना इतक्या वेळा त्यांचं मत विचारलं नव्हतं. रोज सकाळी अंघोळ करून ते कॉम्प्युटरसमोर बसत आणि तासभर उत्तरं देत. उत्तर नेहमी एकच असे: होय.

पुढच्या सोमवारी दुपारी सुनीतीने बघितलं तर गोपाळकृष्णांचे वारलेले अप्पाकाका, समोरच्या बंगल्यातले कर्नल आणि आळंदी रस्त्यावर एकदा पत्ता सांगणारा एक अनोळखी गृहस्थ, असे तिघं मिळून एक माणूस झाले होते. तिघांनाही टक्कल होतं, एवढंच.

"अहो, हे तिघं एक कसे?"

"तो म्हणाला."

"तो म्हणाला नाही, त्याने विचारलं. तुम्ही 'होय' म्हणालात."

"आता त्याने एवढं शोधून काढलंय, तर तोंडावर नाही म्हणून कशाला दुखवायचं?"

"कुणाला? कॉम्प्युटरला?"

"तसं नव्हे गं," गोपाळकृष्ण म्हणाले. आणि पुढच्या प्रश्नावर त्यांनी 'होय' दाबलं.

तेव्हापासून घरात दोन पाळ्या सुरू झाल्या. सकाळी गोपाळकृष्ण माणसं एकत्र करत, दुपारी सुनीती ती वेगळी करत असे. तिला हे काम नवं नव्हतं. दोन जाती एकच आहेत असं म्हणायचं तर पुरावा लागतो, नुसता रंग बघून चालत नाही, हे तिने वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं की एका बॅचने त्याचं गाणं केलं होतं. तिने कर्नलांना कानाच्या पाळीवरून वेगळं काढलं आणि अप्पाकाकांना भुवईवरून.

गुरुवारी दुपारी कर्नल शेवटच्या फोटोतून बाहेर पडले, आणि पडद्यावर एक नवा प्रश्न आला.

"ही व्यक्ती कोण आहे? १,३८७ फोटो."

वर गोलात एक चेहरा होता. राखाडी, चौकोनी. दोन गडद गोल डोळे. मधोमध लांब सरळ नाक. आणि त्याखाली एका बाजूला कललेलं, सगळं माहीत असल्यासारखं हसू.

सुनीतीने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग खुर्चीतच वळून मागे बघितलं. कपाट तिच्याकडेच बघत होतं.

डोळे कसे झाले, ते तिला माहीत होतं. श्रीनिवासने लहानपणी दोन्ही दारांवर एकेक गोल स्टिकर चिकटवलं होतं, क्रिकेटवाल्याचं. ती कधीतरी उपटली, खालचा डिंक राहिला, त्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसून काळा झाला. नाक म्हणजे हँडल. आणि तोंड गोपाळकृष्णांनी दिलं होतं, २००८ साली, व्यायामाची सायकल आत आणताना. सायकल सहा महिन्यांत विकली; हसू राहिलं.

आता तिला आठवलं. कॉलेजातलं शेवटचं वर्ष तिने घरून, याच हॉलमधून शिकवलं होतं. तेव्हा एका मुलीने तासात विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या मागे कोण उभं आहे?" सगळे हसले होते. सुनीतीने तेव्हा नेटवर्कला दोष दिला होता.

आणि एवढे फोटो असण्याचंही कारण होतं. पाहुणा कुणीही येवो, गोपाळकृष्ण त्याला उठवून खिडकीशी उभा करत. "इथे उभे राहा, इथे उजेड चांगला आहे." उरलेल्या एकोणऐंशी सेंटिमीटरांतून येणारा तो उजेड.

तिने यादी उघडली. कुणाचे किती फोटो, ते उतरत्या क्रमाने लावलेलं होतं. अपूर्वा, ३,९१८. गोपाळकृष्ण, २,१०५. अनोळखी व्यक्ती, १,३८७. मुक्ताताई, १,१२२. मग सुनीती. सहाशे बेचाळीस.

फोटो निघत तेव्हा ती स्वयंपाकघरात असे. कपाट मात्र कधीच कुठे जात नसे.

गोपाळकृष्णांना तिने हाक मारून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चेहरा वाटला याला! अगं, खरंच दिसतो गं! नाक बघ ना!"

"बघितलं."

"आणि माझ्या खालोखाल नंबर!"

"आणि माझ्या वर."

गोपाळकृष्ण हसायचे थांबले नाहीत, पण आवाज थोडा कमी केला.

सुनीतीने नावाच्या चौकटीत नीट टाइप केलं: मुक्ताताईंचं कपाट. नमुन्याला चिठ्ठी लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मग म्हणाली, "अहो, वन्संना कपाटाचं एकदा विचारा ना."

"बघू."

"कधी?"

"अगं, रविवारी तिची पंचाहत्तरी आहे. पंचाहत्तरीला काय कपाटाचा विषय काढायचा?"

"मग शहात्तरीला काढा."

यावर गोपाळकृष्णांना दूध आणायची आठवण झाली आणि ते पायात चपला घालून बाहेर पडले. घरात दूध होतं.

मुक्ताताईंची पंचाहत्तरी भावाकडे करायची असं त्यांनी स्वतःच ठरवून कळवलं होतं. "श्रीनिवास हॉटेलात नेतो म्हणतोय. हॉटेलात कसलं औक्षण? सुनीतीच्या हातचं जेवेन." त्यामुळे शुक्रवार आणि शनिवार सुनीती पुरण, वाटली डाळ आणि कोथिंबिरीच्या वड्या यांत होती, आणि दुपारची पाळी झाली नाही. सकाळची झाली.

शनिवारी संध्याकाळी गोपाळकृष्ण स्वयंपाकघराच्या दारात आले. डोळे ओले होते. "सुनीती, अगं, त्या प्रोग्रॅमने आपणहून ताईची फिल्म केलीय! गाणं-बिणं लावून. मी काही म्हणजे काही केलं नाही. 'मुक्ताताई: आठवणींचा प्रवास'. उद्या जेवण झालं की टीव्हीवर लावू."

"पूर्ण बघितलीत?"

"सुरुवातीचं मिनिटभर बघितली. पुढे बघवेना गं. ताई किती तरुण होती!"

ते श्रीखंड आणायला गेल्यावर सुनीतीने हात धुतले आणि फिल्म लावली. चार मिनिटं वीस सेकंद. पहिलं मिनिट ठीक होतं. दुसऱ्या मिनिटाला तिने खुर्ची पुढे ओढली. तिसऱ्याला ती सरळ होऊन बसली.

काय झालं होतं, ते शोधायला तिला फार वेळ लागला नाही. प्रोग्रॅममध्ये दिलेल्या उत्तरांची नोंद राहत होती. शुक्रवारी सकाळी त्याने एक प्रश्न विचारला होता. डावीकडे 'मुक्ताताई', उजवीकडे 'मुक्ताताईंचं कपाट'. या दोन्ही समान व्यक्ती आहेत काय? गोपाळकृष्णांनी उत्तर दिलं होतं.

मुक्ताताई आता यादीत दुसऱ्या क्रमांकावर होत्या. फोटो २,१९८. सुनीतीने मनात बेरीज केली. ती २,५०९ यायला हवी होती. मग लक्षात आलं, ज्या तीनशे अकरा फोटोंत दोघंही होती ते त्याने एकदाच धरले होते. इतकं काटेकोर मोजणाऱ्याला माणूस आणि कपाट यातला फरक कळू नये, याचं तिला नवल वाटलं. पण मुळात तो फरक त्याने विचारला होता, हेही खरं.

खाली बटण होतं: 'ही ती व्यक्ती नाही'. एकदा दाबलं की कपाट वेगळं झालं असतं, फिल्म पुन्हा नीट बनली असती. तिने बाण बटणावर नेला. तिथे तो काही वेळ राहिला. मागे कपाट हसत होतं.

मग तिने माऊसवरून हात काढून घेतला आणि वड्या तळायच्या बाकी आहेत हे स्वतःला सांगितलं. ती काही करत नव्हती. फक्त दुरुस्त करत नव्हती. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

रविवारी बाराला मुक्ताताई आल्या. जांभळी पैठणी, पांढरे केस चापूनचोपून, आवाज दारातून थेट गॅलरीपर्यंत. श्रीनिवास त्यांना खाली सोडून गाडीला जागा शोधायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही; शेवटी "जेवून घ्या, मी अजून फिरतोय" असा त्याचा फोन आला.

"विश्रांतवाडी ते सहकारनगर, दीड तास!" त्या म्हणाल्या. "पूर्वी लोक काशीला निघताना सगळ्यांचा निरोप घ्यायचे, तसं शेजारणींना भेटून निघाले. अपूर्वा, बारीक झालीस. हिंजवडीला जेवायला देत नाहीत का, की पोचेपर्यंत संध्याकाळ होते?"

"दोन्ही, आत्या."

मुक्ताताईंनी नेहमीप्रमाणे पर्स काढून कपाटाच्या हँडलला अडकवली आणि त्याला पाठ करून त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. गेली अठरा वर्षं त्या तिथेच पर्स अडकवत होत्या.

सुनीतीने कणकेचे पंचाहत्तर दिवे केले होते. ताट पुढे आणल्यावर मुक्ताताईंनी ते निरखलं.

"बरोबर पंचाहत्तर?"

"हो, वन्सं."

"मोजले असशीलच म्हणा. तू मोजलेस म्हणजे आता मला वय कमी सांगायची सोय नाही."

औक्षण झालं. जेवणं झाली. मुक्ताताईंनी पुरणपोळ्या तीन खाल्ल्या आणि दोन खाल्ल्याचं सांगितलं. सुनीतीने दुरुस्त केलं नाही. मग गोपाळकृष्णांनी पडदे ओढले, टीव्हीसमोर उभे राहून घसा साफ केला.

"ताई, ही तुझ्यासाठी. आणि सांगतो, यातलं मी काही केलेलं नाही."

हे पुढे त्यांच्या फार उपयोगी पडलं असतं, पण खरं नव्हतं.

बासरी सुरू झाली. पडद्यावर अक्षरं आली: मुक्ताताई. मग शनिवार पेठेतल्या जुन्या घराच्या पायरीवर मुक्ताताई. श्रीनिवासच्या लग्नात मुक्ताताई. महाबळेश्वरला टोपी घातलेल्या मुक्ताताई. मुक्ताताई रुमालाने डोळे टिपायला लागल्या. "अगंबाई, ही साडी!" त्या म्हणाल्या.

मग कपाट आलं. एकटंच. कॅमेरा सावकाश त्याच्या हसण्याकडे सरकत गेला.

"हे मधेच काय?" मुक्ताताई म्हणाल्या.

पुन्हा मुक्ताताई, केक कापताना. पुन्हा कपाट, आकाशकंदिलाच्या उजेडात. मुक्ताताई, तुळशीपाशी. कपाट, किंचित तिरपं, जणू कुणी हाक मारली म्हणून वळलेलं. मुक्ताताई आणि कपाट, शेजारी-शेजारी, दोघांच्याही चेहऱ्याभोवती एकेक सोनेरी वर्तुळ. अपूर्वाने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तो तसाच धरून ठेवला. गोपाळकृष्ण रिमोट शोधत होते. रिमोट सुनीतीच्या मांडीवर होता, आणि ती पडद्याकडे एकाग्रपणे बघत होती.

बासरी खाली उतरली. शेवटचा फोटो आला. दसऱ्याचा. त्या वर्षी झेंडूचा एक हार उरला होता, तो गोपाळकृष्णांनी कपाटाला घातला होता. हार घातलेलं कपाट मंद हसत होतं. हळूहळू ते धूसर झालं, आणि त्यावर अक्षरं उमटली: मुक्ताताई. मग पडदा पांढरा झाला.

अपूर्वाने ग्लास अजून तोंडालाच धरला होता.

"गोपाळ," मुक्ताताई म्हणाल्या, "मी आहे अजून."

अपूर्वाचं पाणी नाकातून आलं. ती खोकत स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून तिचं हसणं ऐकू येऊ लागलं.

"ताई, अगं, ते मशीन आहे! त्याला काय कळतंय?" गोपाळकृष्णांना घाम फुटला होता. "त्याला तू आणि कपाट एकच वाटलीस!"

"त्याला नाही, बाबा," अपूर्वा डोळे पुसत बाहेर आली. तिने कॉम्प्युटरवर नोंद काढून वाचली. "त्याने विचारलं होतं. 'समान व्यक्ती आहेत काय?' शुक्रवार, सकाळी सव्वाअकरा. उत्तर, होय."

"मी चष्मा लावला नव्हता."

"सख्खी बहीण आणि कपाट, आणि म्हणे चष्मा," मुक्ताताई म्हणाल्या. "आणि कपाट तरी कुणाचं? कुठून आणलंस हे ध्यान?"

गोपाळकृष्ण सुनीतीकडे बघू लागले.

"तुमचंच आहे, वन्सं," सुनीती म्हणाली. "तुमच्या मागेच आहे. तुमची पर्स त्यालाच अडकवलेली आहे."

मुक्ताताई खुर्चीत वळल्या. गोपाळकृष्ण पडदे बाजूला करेपर्यंत त्यांनी कपाटाकडे रोखून बघितलं. कपाटानेही बघितलं.

"हे आमचं ते?" त्या म्हणाल्या. "इश्श! मला वाटायचं तुम्हीच तसलं एक घेतलंत. मनात म्हणायची, काय बाई आवड!"

"ताई, तू चार महिने म्हणून ठेवलं होतंस," गोपाळकृष्ण हळूच म्हणाले.

"हो का? आत काय आहे गं सुनीती?"

"आम्ही उघडलेलं नाही. किल्ली तुमच्याकडे आहे."

"ती विश्रांतवाडीला जातानाच हरवली. असतील दोन गाद्या, नाहीतर आमच्या ह्यांचे कोट." मुक्ताताई उठल्या, कपाटाभोवती फिरल्या, दारावर टकटक केलं. तोपर्यंत त्यांचा चेहरा पार निवळला होता. "पण छान ठेवलंयस हो. कुठे गंज नाही. आताचे पत्रे बघ, फुंकर मारली तर वाकतात." मग त्यांनी हात वर केला. मोठं काही द्यायचं असलं की त्या असाच हात वर करत. "नाहीतरी आता ते कशाला परत मागू? इतकी वर्षं तुमच्याकडे आहे, घरातलंच झालंय. राहू दे. माझ्या पंचाहत्तरीची तुम्हाला भेट. कपाट तुमचं!"

"वा, ताई, वा!" गोपाळकृष्णांच्या खांद्यावरून अठरा वर्षांचं ओझं उतरताना दिसलं. "बघ सुनीती, मिटलं! तू उगाच इतकी वर्षं..." ते मध्येच थांबले. "फोटो! एक फोटो हवा याचा. दोघी कपाटाशी उभ्या राहा. इथे उजेड चांगला आहे."

मुक्ताताई कपाटाच्या उजवीकडे उभ्या राहिल्या. सुनीतीला डावीकडे उभं केलं गेलं, खिडकी आणि कपाट यांच्या मध्ये. तिथे जेमतेम एक माणूस मावत होता. उत्तरेचा उजेड तिच्या डाव्या हातावर पडला होता. अगदी सारखा, स्वच्छ, कुठे चकाकी नाही. कठड्यावरच्या हिरव्याचं एक पान या उजेडात काचेखाली धरलं असतं तर त्याच्या पेशी मोजता आल्या असत्या.

"आभार वगैरे काही मानायचे नाहीत हं," मुक्ताताई म्हणाल्या. "नुसतं 'घेतलं' म्हण."

"हं, हसा," गोपाळकृष्णांनी मोबाइल वर धरला.

कपाट हसतच होतं. एक हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी, सुनीतीच्या मनात आलं. तेवीस शब्दांचं वाक्य तिने आठवून बघितलं; त्यातला एकही शब्द सापडेना. तिने हात पुढे केला, हँडलला अडकवलेली पर्स काढली आणि ती नीट, दोन्ही हातांनी, मुक्ताताईंच्या हातात दिली.

"नको," ती म्हणाली.

गोपाळकृष्णांचा मोबाइल खाली आला.

"काय नको?" मुक्ताताईंनी विचारलं.

"वन्सं," सुनीती म्हणाली, "कपाट घेऊन जा."